चित्रपटांचें श्राद्ध

पुण्यांत जुना चित्रपट पाहावयाचा असला म्हणजे आधीं पंचांग उघडावें लागतें, असें आम्ही म्हटलें तर वाचक ती थट्टा समजतील. परंतु वस्तुस्थिति फारशी निराळी नाहीं. एखाद्या दिग्दर्शकाची जन्मशताब्दी आली, एखाद्या नायिकेचें निधन झालें, एखाद्या चित्रपटास पन्नास किंवा पंचाहत्तर वर्षें पुरीं झालीं, म्हणजे कोणती तरी संस्था पुढें सरसावते. सभागृह ठरतें, समई आणि हार येतात, दोन वक्ते व एक अध्यक्ष येतात, आणि या सर्वांच्या मागून, अंग चोरून, चित्रपट येतो. तिथि उलटली कीं सारें संपलें. मग पुढची तिथि उजाडेपर्यंत त्या चित्रपटाची आठवण कोणास होत नाहीं. पितरांस वर्षांतून एकदां जेवूं घालावें आणि बाकीच्या दिवशीं त्यांनीं घरांत येऊं नये, हाच तो न्याय. फरक इतकाच कीं पितर खरोखरच गेलेले असतात. चित्रपट गेलेला नसतो.

असल्या एका समारंभास आम्ही अलीकडेच गेलों होतों. संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. हेतु चांगला होता आणि चहाही चांगला होता. चित्रपट होता सन 1940 च्या आसपासचा, मराठी, आणि आम्हांस अत्यंत प्रिय. साडेपांचाची वेळ होती. प्रास्ताविक, परिचय, सत्कार, आठवणी आणि अध्यक्षीय समारोप होतां होतां सात वाजले. दिवे मालवले आणि पडद्यावर चित्र उमटलें तें आडवें ताणलेलें! नायिका बुटकी झाली होती, देवळाचें शिखर बसकें झालें होतें, आणि चाकें वाटोळीं न राहतां अंड्यासारखीं झालीं होतीं. मागच्या रांगेंतील एका गृहस्थांनीं उठून तशी सूचना केली, तेव्हां कोणीतरी यंत्राशीं खटपट केली. मग चित्र सरळ झालें खरें, पण पात्रांचे माथे कापले गेले. अशा स्थितींत आम्ही अर्धा चित्रपट पाहिला. मध्यंतरानंतर सभागृहांत आम्ही धरून तीस-बत्तीस माणसें उरलीं होतीं. जे उठून गेले त्यांस आम्ही दोष देत नाहीं. ते ज्यासाठीं आले होते तें सात वाजतांच संपलें होतें.

आमच्या मनास जी गोष्ट लागली ती ही, कीं हें सारें पुण्यांत घडावें! हिंदुस्थानांतील दुसऱ्या कोणत्याही शहरापाशीं चित्रपटाचें इतकें धन नाहीं. 1 जून 1929 रोजीं कोल्हापुरांत स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 सालीं पुण्यास आली, आणि टेकडीच्या पायथ्याशीं तिनें जो स्टुडिओ उभारला त्याच जागेंत 1960 सालीं सरकारनें चित्रपट-शिक्षणाची संस्था काढली. प्रभात रस्ता हें नांव त्या कंपनीचें आहे हें तेथें राहणाऱ्या कित्येकांस आज सांगावें लागतें. 1964 सालीं याच शहरांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, आणि त्यास पी. के. नायर यांच्यासारखा माणूस लाभला. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'चीं उरलेलीं रिळें त्यांच्या कुटुंबीयांकडून मिळवून आणणारे हे गृहस्थ अंधारांत बसून, पडद्यावरील दृष्टि न काढतां, वहींत रिळामागून रिळाची नोंद करीत. चांगला चित्रपट ठेवावा आणि वाईट टाकावा, हा विचार त्यांस मान्य नव्हता. मिळेल तो चित्रपट राखावा. निवड काळ करील, असें त्यांचें धोरण होतें. संग्रहालय चालविणाऱ्यास हेंच धोरण शोभतें. नायर 2016 सालीं वारले, आणि मार्च 2022 मध्यें संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालें. पण लॉ कॉलेज रस्त्यावरील तो संग्रह नायरांचाच म्हणून ओळखला जातो.

राखलेल्या धनासही कीड लागते, हें येथें विसरतां कामा नये. जुनी फीत नायट्रेटची. ती स्वतःहून पेट घेऊं शकते आणि पेटली म्हणजे विझत नाहीं. जानेवारी 2003 मध्यें पुण्यांतल्या कोठारास आग लागली तींत कित्येक रिळें जळालीं व प्रभातच्या वारशाचाही भाग गेला. 'आलम आरा' तर देशांतून नाहींसाच झाला आहे. या हानीविषयीं आपण हळहळतों, आणि हळहळावें हें योग्यच. परंतु दुसरी एक हानि पुण्यानें उघड्या डोळ्यांनीं होऊं दिली, तिचा कोणी शोक केल्याचें फारसें आढळत नाहीं. ती हानि चित्रपटगृहांची.

मंडईशेजारीं गंगाधर नथूजी पाठक यांनीं 1915 च्या फेब्रुवारींत आर्यन सिनेमा काढला. शहरांतलें पहिलें कायमचें चित्रपटगृह तेंच. 1983 सालीं तें गेलें आणि आज त्याचें नांव एका वाहनतळास आहे! लक्ष्मी रस्त्यावरील लिमये नाट्यचित्र मंदिराचें पुढें विजय झालें. मिनर्व्हा, भानुविलास, डेक्कनवरचें नटराज, हीं एकामागून एक मिटलीं. आणि अप्पा बळवंत चौकाजवळचें तें किबे लक्ष्मी थिएटर! इंदूरच्या सरदार किब्यांचें हें गृह 1934 सालीं उघडलें, प्रभातकडे चालविण्यास गेलें, आणि पुढील ऐंशी वर्षें पुणेकर त्यास प्रभात टॉकीज याच नांवानें ओळखत आले. 2014 च्या अखेरीस भाडेपट्ट्याची मुदत सरली आणि प्रभातचा त्या वास्तूशीं असलेला संबंध सुटला. मूळ मालकांस त्यांची वास्तु परत मिळाली यांत गैर कांहींच नाहीं. परंतु त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून जे उसासे निघाले ते 'आमची जागा गेली' अशा प्रकारचे होते. त्या जागेंत जुना चित्रपट नियमानें दाखविण्याची सोय कोणी कधीं कां केली नाहीं, असा प्रश्न आमच्या वाचनांत आला नाहीं.

नदीच्या अलीकडे पेठांत चित्रपटगृहें आणि पलीकडे टेकडीखालीं चित्रपट, अशी ही पुण्याची वांटणी झाली आहे. पलीकडचें आपण जपलें, अलीकडचें सोडून दिलें. आमचें म्हणणें असें आहे कीं हा एकच वारसा होता व तो मधोमध चिरला गेला. वीणा वस्तुसंग्रहालयांत आहे आणि बैठक मोडली आहे. आतां वर्षांतून एकदां वीणेस हार घालून काय होणार?

यावर कोणी म्हणेल, पेठेंतल्या त्या ढेकणांच्या खुर्च्यांत असें काय होतें? चित्रपट तर तोच. तो संग्रहालयाच्या थंडगार सभागृहांत पाहिला काय, घरीं पाहिला काय, किंवा आगगाडींत मोबाइलवर पाहिला काय, सारखाच. याचें उत्तर तत्त्वज्ञानानें देण्यापेक्षां एका उदाहरणानें देऊं. शांतारामबापूंचा 1937 चा 'कुंकू' घ्या. या चित्रपटांत पार्श्वसंगीत जवळजवळ टाळलें आहे. जें ऐकूं येतें तें घरांतलें: भांड्यांचा आवाज, पावलांचा आवाज, घड्याळाची टिकटिक. आरशासमोर आपलें वय झांकूं पाहणारे केशवराव दात्यांचे काकासाहेब आणि त्यांस नवरा मानण्यास साफ नकार देणारी शांता आपट्यांची नीरा, यांच्यामध्यें जी शांतता पसरते ती दिग्दर्शकानें पांचसहाशें माणसें एका अंधारांत गप्प बसलीं आहेत असें धरून रचली आहे. आपल्या घरीं ती शांतता सांपडतच नाहीं. तेथें पंख्याचा आवाज असतो, शेजारच्यांची शिट्टी होते, आणि फोन वाजतो. संगीत असतें तर त्यानें हें सारें झांकलें असतें. 'कुंकवा'स तें चिलखत नाहीं. म्हणून हा चित्रपट घरीं संथ वाटतो आणि गृहांत श्वास रोखून पाहिला जातो. आम्ही दोन्ही प्रकारें पाहिला आहे. एकाच कृतीचीं तीं दोन पठणें नव्हत. तीं दोन कृति आहेत म्हणा ना!

चौकटीची गोष्टही तशीच. त्या काळच्या बोलपटाची चौकट जवळजवळ चौरसाकडे झुकणारी. चार हात रुंद तर तीन हात उंच. 1934 सालीं बांधलेल्या गृहाचा पडदा त्याच मापास धरून असावयाचा. पुढें रुंद चित्रांची लाट आली आणि पडदे आडवे झाले. आतां त्या आडव्या पडद्यावर जुनें चित्र भरून दाखवावयाचें म्हणजे एक तर तें ताणावयाचें, नाहीं तर उंचीचा जवळजवळ चतुर्थांश भाग कापावयाचा. 'संत तुकारामा'चें छायाचित्रण करणाऱ्या अवधूतांनीं पात्राच्या डोक्यावर जें आकाश ठेवलें आहे तें काय उधळपट्टी म्हणून ठेवलें? मुलाच्या दुखण्यानें पिसाळलेली जिजाई त्याला ओढीत देवळांत नेते आणि विठोबावर पायताण उगारते, त्या प्रसंगांत वर उगारलेला हात हाच तर प्रसंग! तो कापला कीं गौरीबाईंच्या अभिनयांतलें काय शिल्लक राहतें? मूकपटांचे हाल याहून वाईट. ते दर सेकंदास सोळा-अठरा चित्रांच्या गतीनें घेतलेले. बोलपटाची गति चोवीसाची. सोळाचा मूकपट चोवीसावर सोडला कीं दीडपट वेगानें पळतो, आणि हरिश्चंद्र राजा राज्य सोडून धांवत सुटतो. प्रेक्षक हंसतात आणि समजतात कीं आपले आजोबा हेंच पाहून खूष होत. वास्तविक हंसण्यासारखें जें आहे तें यंत्राजवळ उभें असतें.

चित्र नीट दाखविणें ही विद्वत्तेची बाब नाहीं, कसबाची आहे. पडद्याच्या बाजूस काळें कापड ओढून घ्यावें, गति नीट ठेवावी, आवाज त्या जुन्या छतास मानवेल इतकाच सोडावा. आमच्या लहानपणीं खिडकीच्या मागें बसणाऱ्या ऑपरेटरास हें येत असे. रीळ बदलतांना प्रकाश लवभर मंदावला तरी खालून पिटांतले लोक त्याच्या नांवानें हांक मारीत. आतां फीत गेली, चित्रपट पेटींतून किंवा तारेंतून येतो, आणि खिडकीमागें बहुधा कोणी नसतें. जुन्या गृहांत जुना चित्रपट लावण्याचा मुख्य लाभ म्हणजे तेथें पुन्हां एक माणूस बसवावा लागेल.

आतां चित्रपटांच्या दुसऱ्या एका जातीविषयीं. इंग्रजींत ज्यांस 'कल्ट' म्हणतात ते हे चित्रपट. पंथ म्हणावें तर गुरु नाहीं, संप्रदाय म्हणावें तर दीक्षा नाहीं. आम्हांस वाटतें मराठींत यास सरळ वारीचा चित्रपट म्हणावें. जो पाहून संपत नाहीं, ज्याकडे लोक पुन्हांपुन्हां आणि जमावानें जातात, आणि पुढें काय होणार हें ठाऊक असूनही, किंबहुना तें ठाऊक असल्यामुळेंच, जातात, तो वारीचा. असा चित्रपट टीकाकार निर्माण करूं शकत नाहींत, आणि निर्माताही नाहीं. 1988 सालचा 'अशी ही बनवाबनवी' अभिजात आहे काय, असें आम्हांस कोणी विचारल्यास आम्ही 'नाहीं' म्हणूं; परंतु ज्या चित्रपटाचीं वाक्यें पात्रांच्या आधीं खुर्च्यांतून उच्चारलीं जातात त्याची हेटाळणी करण्याचा आमचा धीर नाहीं. त्याच 1988 सालचा, पुण्याच्याच संस्थेंतून शिकून गेलेल्या कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' पहा. याचा अर्थ शोधतां शोधतां रसिकांच्या दोन पिढ्या थकल्या. तो चोरट्या प्रतींतून हातोहात फिरला आणि गृहांत रीतसर लागण्यास 2014 साल उजाडलें. तो आम्हांस निम्मा कळला, आणि तो निम्माही खात्रीनें नव्हे. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' 2018 सालीं आला तेव्हां बेताचा चालला. सप्टेंबर 2024 मध्यें पुन्हां लावतांच पहिल्याहून अधिक गल्ला जमला. मधल्या सहा वर्षांत चित्रपटाचा एक तुकडाही बदलला नव्हता. बदलला तो प्रेक्षक, आणि त्यानें गृहांत येऊन तसें सांगितलें.

मुंबईंत मराठा मंदिराचें उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. 1958 सालचें हें गृह. तेथें 20 ऑक्टोबर 1995 रोजीं लागलेला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' सकाळच्या खेळास वर्षानुवर्षें चालत राहिला. डिसेंबर 2014 मध्यें त्यानें हजार आठवडे पुरे केले. त्या चित्रपटाविषयीं आमचें मत फार उंच नाहीं. पण व्यवहाराकडे पाहावें. गृहाच्या मालकानें दिवसाचे सारे खेळ जुन्या चित्रपटास वाहिले नाहींत. सकाळचा एक खेळ दिला आणि तिकीट स्वस्त ठेवलें. बाकीचे खेळ नव्या चित्रपटांनीं चालविले. गांवाहून आलेला मनुष्य, नोकरी शोधणारा, सुटीवरचा शिपाई, लग्न ठरलेलीं मुलें, यांस ठाऊक असतें कीं तो चित्रपट तेथें आहे. 'आहे' या शब्दांतच सारें आलें. पुण्यांत 'कुंकू' कोठें आहे? कोठारांत आहे.

चित्रपट-मंडळ्यांचे उपकार आम्ही विसरलेलों नाहीं. मुंबईचें प्रभात चित्र मंडळ 1968 पासूनचें, पुण्याचा आशय फिल्म क्लब 1985 पासूनचा. आमच्या पिढीस जपानी, फ्रेंच आणि बंगाली चित्रपट पाहण्याची दृष्टि आली ती अशा मंडळ्यांमुळें आणि प्राध्यापक सतीश बहादुर यांच्यासारख्या शिक्षकांमुळें. परंतु मंडळीची घडणच सभासदांपुरती. वर्गणी भरणाऱ्यानेंच यावें, रस्त्यावरच्यास तिकीट देतां येत नाहीं. त्यामुळें होतें असें कीं जे आधींच पटलेले आहेत तेच पुन्हां पटवून घेतात. वर्षें जातात, केस पिकतात, आणि खुर्च्यांतलीं माणसें तींच राहतात. आमचेही पिकले आहेत, तेव्हां हें आम्ही स्वतःस वगळून बोलत नाहीं.

साधारण प्रेक्षकास अभिजात चित्रपट झेपत नाहीं, हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. कर्नाटकांतील हेग्गोडु या खेड्यांत के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम् संस्थेनें 'पथेर पांचाली' आणि 'बायसिकल थीव्हज' गांवकऱ्यांस दाखविले, आणि तेथील शेतकरी ते समजून उमजून पाहून गेले. खुद्द 'संत तुकाराम' 1936 सालीं मुंबईंत एकाच गृहांत वर्षाहून अधिक काळ चालला, व पुढच्या वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत निवडक तीन चित्रपटांत गणला गेला. व्हेनिसच्या परीक्षकांस आणि गिरगांवांतल्या कामगारास तो एकाच वेळीं आवडला. गिरगांवांतल्या कामगारानें समईच्या उजेडांत भाषण ऐकलें नव्हतें. त्यानें पैसे मोजले होते. फुकट दाखविलेल्या वस्तूस मनुष्य आदर देतो, पण तिच्यासाठीं भांडत नाहीं. तिकीट काढलेला प्रेक्षक चित्र ताणलेलें दिसतांच ओरडतो, आणि त्या ओरडण्यावरच चित्रपटगृह सुधारतें. 'मंथन' हा 1976 चा चित्रपट गुजरातच्या दूध-उत्पादकांनीं प्रत्येकीं दोन रुपये घालून काढला होता. त्याची दुरुस्त केलेली प्रत जून 2024 मध्यें अनेक शहरांतील गृहांत तिकीट लावून दाखविली गेली. तिकिटास तेथें लाज वाटली नाहीं. आपल्याच संस्थांस ती कां वाटावी?

तेव्हां आमची मागणी लहान आहे. पेठेंतल्या जुन्यांपैकीं उरलेल्या कोणत्याही एका गृहानें रविवार सकाळचा एक खेळ द्यावा. संग्रहालयानें किंवा हक्कदारांनीं माफक दरांत प्रत द्यावी. भाषण नसावें, फार तर तिकिटाच्या मागें चार ओळी छापाव्यात. वेळ एकदां ठरली कीं पाऊस असो, क्रिकेट असो, ती बदलूं नये. पहिल्या वर्षीं गृह भरणार नाहीं. तोटा कोणी सोसावयाचा हा प्रश्न खरा आहे आणि तो आम्ही टाळीत नाहीं: पुण्यांत एका व्याख्यानमालेच्या मंडपास जो खर्च लागतो, तितक्यांत असे कित्येक रविवार निघतील. देणगीदारांस आपलें नांव फलकावर पाहण्याची संवय आहे. पडद्यावर तें दोन सेकंद दिसलें तर काय बिघडलें?

निवड मात्र कोणी तरी एकानें करावी, समितीनें नव्हे. समिति जयंत्या शोधील. आमच्यावर सोंपविल्यास आम्ही पहिल्या रविवारीं 'शेजारी' लावूं. 1941 चा हा चित्रपट. केशवराव दात्यांचा जिवबा आणि जागीरदारांचा मिर्झा, आणि शेवटीं फुटणारें तें धरण, ज्याचें पाणी लहान काचेवर पाहिलें तर न्हाणीघरांतल्या बादलीसारखें वाटतें. दुसऱ्या रविवारीं 'जाने भी दो यारो', म्हणजे महाविद्यालयांतलीं मुलें येतील. तिसऱ्या रविवारीं 'बनवाबनवी', म्हणजे त्यांच्या आयाही येतील. 'कुंकू' आम्ही चौथ्यापर्यंत राखून ठेवूं. तोंवर त्या जमावास अंधारांत गप्प बसण्याची थोडी संवय झालेली असेल, आणि घड्याळ ऐकूं येईल.